यांजमाताईंचे हात

मी पहिल्यांदा बाळंत झालो तेव्हा फार घाबरलो होतो. पुढे सवय झाली. आठवडा संपत आला तेव्हा तर मी कळा देता देता मोबाइलवर कुस्ती बघत होतो. ओयूनगेरेल बाईंनी मोबाइल काढून घेतला. म्हणाल्या, खरी बाई अशा वेळी कुस्ती बघत नाही.

"तुम्ही विचारलंय का कुणाला?" मी म्हटलं.

बाईंनी माझ्या पोटावरचा पट्टा तेवढा आणखी आवळला.

एरवी मी गावच्या दवाखान्याचा ड्रायव्हर आहे. दवाखान्यात एक डॉक्टर, एक नर्स, एक जुनी रशियन व्हॅन आणि मी. व्हॅन माझ्यापेक्षा वयाने मोठी, त्यामुळे तिचा मान माझ्या आधी. माझं नाव हुनबिश, म्हणजे 'माणूस नाही'. माझ्याआधीची भावंडं जन्मताच गेली, तेव्हा घरच्यांनी भुताखेतांना चकवायला हे नाव ठेवलं. भुतं चकली. सैन्यभरतीवाले चकले नाहीत.

झावखान नदीचं बर्फ फुटायला लागलं की पलीकडच्या खोऱ्यांतल्या लोकांना गाव तुटतं. गाडी जात नाही, घोडाही बिचकतो. पोटुशीने आधीच गावात येऊन दवाखान्याच्या शेजारच्या खोलीत मुक्काम करायचा असा नियम आहे, आणि बायका येतातही. पण काही पोरं नियम पाळत नाहीत, लवकर निघतात. म्हणून वरून असं ठरलं की प्रत्येक खोऱ्यातली एक बाई निवडायची आणि तिला सुरक्षित बाळंतपण शिकवायचं, म्हणजे डॉक्टर पोचेपर्यंत कुणीतरी जाणतं जवळ असेल. कल्पना चांगलीच होती. फक्त ज्याने तारखा ठरवल्या त्याच्या सात पिढ्यांत कुणी मेंढी पाळलेली नसावी. ऐन कोकरांच्या दिवसांत मंगोलियातली कुठलीही बाई घर सोडत नाही. तरी या आल्या. दोलगोरताई तर डेलच्या, म्हणजे लांब अंगरख्याच्या आत, छातीशी, एक अशक्त कोकरू घेऊनच आल्या. त्यामुळे प्रशिक्षणाला एक विद्यार्थी जास्त होता आणि मध्येमध्ये प्रश्नही विचारत होता.

शिकवायला ओयूनगेरेल बाई जिल्ह्याच्या ठिकाणाहून आल्या होत्या. बुटक्या, गोल, केस पांढरे. त्या सुईण म्हणून कामाला लागल्या तेव्हा मी नव्हतो, आणि आमच्या जिल्ह्यातले निम्मे लोकही नव्हते. ते बाईंच्याच हातून आले. त्या कधी आवाज चढवत नसत. उलट जितकं महत्त्वाचं, तितकं हळू बोलत. त्यामुळे त्या काही कुजबुजायला लागल्या की सगळ्या बायका श्वास रोखून पुढे सरकत.

बाईंच्या पेटीत एक रबरी बाळ होतं आणि पोटावर बांधायची एक कापडी पिशवी. बाळ पिशवीत ठेवायचं, पिशवी कुणीतरी बांधून बसायचं आणि आतून ढकलत ढकलत बाळ बाहेर काढायचं. शेजारी एक बाटली, तिच्यात बीट उकळलेलं पाणी. ती दाबली की रक्त. बायकांना शिकायचं होतं, त्यामुळे आई व्हायला कुणी रिकामं नव्हतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी व्हॅनकडे बघितलं. व्हॅनने मदत केली नाही.

"ओरडता येतं का?" बाईंनी विचारलं.

"गाडी चिखलात रुतल्यावर ओरडतो."

"तसंच."

मला अभिमान वाटतो की मी काम मनापासून केलं. मी शिव्या दिल्या, चटई चावली, नसलेल्या नवऱ्याला सात खोऱ्यांत ऐकू जातील असे शाप दिले. रक्त थांबवायला पोट कसं चोळायचं ते बायकांनी माझ्या पोटावर शिकून घेतलं. बेंबीखाली हात दाबून गोल गोल, पोट दगडासारखं घट्ट होईपर्यंत. माझं पोट घट्ट होत नव्हतं, कारण त्यात सकाळचा रस्सा असायचा. मी गुदगुल्यांनी हसायचो आणि हसताना बाटली दाबली जायची. एकदा बीटाचं पाणी दारापर्यंत गेलं. "ही गेली," बाई शांतपणे म्हणाल्या. "चला, पुन्हा."

या सगळ्यांत यांजमाताई कोकरांच्या कामात अव्वल. वय पन्नाशीपुढे, हात फावड्याएवढे. आडवं आलेलं कोकरू आत हात घालून वळवायचं असेल तर शेजारच्या खोऱ्यांतून लोक त्यांना न्यायला येतात. बाळ बाहेर घेणं, हात धुणं, नाळ स्वच्छ पात्याने कापणं, हे त्यांनी एकदा बघितलं आणि केलं. मग बाई कुजबुजल्या, "आता बाळ रडत नाहीये. श्वास नाही. काय कराल?"

यांजमाताईंनी क्षणाचाही विचार केला नाही. रबरी बाळाचे दोन्ही पाय एका मुठीत धरले आणि त्याला खाली डोकं करून असं गरगर फिरवलं की वारा आला. कोकराच्या नाकातोंडातलं पाणी काढायला आम्ही सगळेच हे करतो. दोन फेऱ्या झाल्या आणि तिसऱ्या फेरीत एक पाय ताईंच्या हातात राहिला. बाकीचं बाळ खोली ओलांडून चुलीवरच्या किटलीवर आदळलं. चहा सांडला. दोलगोरताईंचं कोकरू ओरडलं.

आम्ही हसून हसून लोळलो. मी तर आधीच आडवा होतो. नर्स डोळे पुसत होती, दोलगोरताई म्हणत होत्या, "अगं यांजमा, पोराला थेट जिल्ह्याला पाठवलंस की!"

दारात उयांगा उभी होती. यांजमाताईंची सून. दिवस भरत आलेले, म्हणून शेजारच्या खोलीत मुक्कामाला होती आणि कंटाळा येतो म्हणून रोज आमचा वर्ग बघायला यायची. माझी थट्टा करायला तिला फार आवडायचं. "काय बाळंतीणबाई, आज जुळं का?" असं विचारायची. त्या वेळी मात्र ती हसत नव्हती. सासूच्या हातातल्या त्या रबरी पायाकडे बघत होती. मग वळून निघून गेली.

हसणं आपोआप थांबलं.

बाईंनी बाळ उचललं, पुसलं, पायाजवळ चिकटपट्टी लावली. बाकीच्यांना चहाला पाठवलं. मला कुणी ऊठ म्हटलं नाही, म्हणून मी तिथेच राहिलो.

"मागच्या वसंतात," यांजमाताई म्हणाल्या, "हिचं पहिलं झालं. वेळेआधी. नदी फुटलेली. मी होते नि माझा मुलगा होता. पोर निळं पडलेलं. मी फिरवलं."

बाईंनी बाळ मांडीवर ठेवलं.

"खूप फिरवलं, बाई. कोकरं येतात तशी. हे नाही आलं." त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मी मारलं का?"

मला वाटलं बाई आता नाही नाही म्हणतील. कुणीही म्हणालं असतं. बाईंनी किटली सरळ केली, उरलेला चहा ओतून ताईंच्या हातात दिला.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तिथे मी असते तरी कदाचित गेलं असतं. पण फिरवून श्वास येत नाही, ताई. माणसाच्या पोराची मान कोकरासारखी नसते. आणि फिरवण्यात ते पहिलं मिनिट जातं. ते मिनिट आपल्याला हवं असतं."

"मग मला शिकवा."

"शिकवतेच आहे."

"मला डोक्याने कळलंय," यांजमाताई म्हणाल्या. "या हातांना सांगा. ते माझं ऐकत नाहीत."

त्यानंतर बाईंनी ताईंच्या हातांना जे शिकवलं ते मी जन्मात विसरणार नाही, कारण दर वेळी आई मीच. सगळे जेवायला गेले की आम्ही तिघं. मी ढकलायचो, बाळ यायचं, बाई कुजबुजायच्या, "श्वास नाही." ताईंचा हात पायांकडे जायचा. बाई म्हणायच्या, "पुसा." ताई पुसायच्या, पाठ चोळायच्या. "तरी नाही." मग छोटा मुखवटा नाकातोंडावर बसवायचा आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी दाबायची. पिशवी दाबली की रबरी छाती वर यायला हवी. ताल असा, की दाबताना 'एक' म्हणायचं, सोडून 'दोन-तीन', पुन्हा दाबायचं.

इथे दुसरं संकट. मोजणं म्हणजे यांजमाताईंच्या लेखी मेंढ्या मोजणं. कळप कोंडताना मेंढ्या दारातून उड्या मारत आत शिरतात आणि आमच्या बायका श्वास न घेता मोजतात. ताईंनी 'एक' म्हटलं की मागून सगळा कळप धावत यायचा. "एकदोनतीनचारपाच," आणि पिशवी अशी फडफडायची की बाळाची छाती जागच्या जागी थरथरायची.

"ताई, मेंढ्या कोंडायच्या नाहीयेत. श्वास द्यायचाय."

"मग तसं म्हणा ना. मोजायला कशाला सांगता?"

"दुसरं काय सांगू?"

बाईंनी बाळ पुन्हा माझ्या पिशवीत ठेवलं. "परत," बाई म्हणाल्या. "हुनबिश, कळा दे."

मी दिल्या. संध्याकाळपर्यंत माझा आवाज बसायचा. बाई थकत नव्हत्या आणि ताईही हरत नव्हत्या, मध्ये मीच तेवढा भरडला जात होतो. पण खरं सांगायचं तर तेव्हाच माझी कुस्ती बघायची इच्छा गेली. पन्नाशीची एक बाई आयुष्यभराची हाताची सवय एकेक बोट करून सोडवत होती, याच्यासमोर कुस्ती म्हणजे काहीच नाही.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. बाकी सगळ्या पास झाल्या. दोलगोरताई इतक्या पास झाल्या की त्यांनी कोकराला मुखवटा लावून दाखवला. यांजमाताईंनी बाळाचे पाय धरले, सोडले, पुसलं, मुखवटा लावला आणि संपूर्ण कळप कोंडला.

"नाही," बाई म्हणाल्या. हळू. "अजून नाही, ताई. पुढच्या महिन्यात येईन तेव्हा."

ताईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. नापास झालेलं माणूस इतकं व्यवस्थित उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी उयांगाचं डोकं दुखायला लागलं. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. डॉक्टर आणि बाईंनी एकमेकांकडे बघितलं आणि उयांगाला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवायचं ठरलं. बाईंना तिकडेच परत जायचं होतं, त्या सोबत निघाल्या. सासू निघाली. मी व्हॅन काढली. नर्सने चाकांवर आणि आमच्या पाठीमागे पळीने दूध शिंपडलं, वाट सुखाची जावी म्हणून. रबरी बाळ आणि माझं पोट पुढच्या सीटवर ठेवलं होतं. मी त्यांना पट्टा लावला. उगाच पोलिसाने अडवायला नको.

गाव सोडून बरंच पुढे आलो तेव्हा पश्चिमेकडून वाळूची पिवळी भिंत आली. वसंतातल्या वाऱ्याला आम्ही नावं ठेवत नाही, तो ऐकतो. बघता बघता काचेपुढे काही उरलं नाही. मी व्हॅनची पाठ वाऱ्याकडे केली आणि थांबलो. रस्ता कुठे होता ते व्हॅनला माहीत असेल, मला नव्हतं.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"वाऱ्याची मर्जी."

"हिची मर्जी वेगळी आहे," बाई म्हणाल्या. उयांगाने मागच्या बाकाची कड धरली होती आणि दात आवळले होते. मी आठवडाभर काढत होतो त्यातला एकही आवाज ती काढत नव्हती. मला आपल्या कामगिरीची लाज वाटली.

"बाई, मी बाहेर थांबतो," मी म्हटलं.

"बाहेर वारा बाळंत होतोय का? हात धू."

थर्मासमधल्या गरम पाण्याने आम्ही हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत, बाईंनी शिकवलं तसे. वाळू दारांच्या फटींतून आत येत होती, म्हणून यांजमाताईंनी स्वतःचा डेल काढून फटीत कोंबला. बाईंनी पेटी उघडली. मुखवटा आणि पिशवी बाहेर काढून बाकावर स्वच्छ फडक्यावर ठेवली. ताई त्या पिशवीकडे बघत होत्या. मीही.

पुढचं फार भराभर झालं. उयांगाने एकदाच किंकाळी फोडली, आणि बाळ आलं. मुलगी. निळसर, ओली, ढिली. काहीच न करणारी. बाईंनी नाळ बांधली, कापली, आणि बाळापाठोपाठ रक्त आलं. ते बीटाचं नव्हतं.

बाईंचे दोन्ही हात आईकडे गेले. "हुनबिश, इथे. बेंबीखाली. तुझं जसं चोळायच्या तसं. जोर लाव." त्या इंजेक्शन भरत होत्या, एक डोळा रक्तावर. मग तितक्याच हळू: "यांजमाताई. बाळ तुमचं."

बाईंची पाठ ताईंकडे होती. त्यामुळे पुढचं फक्त मी बघितलं.

ताईंनी बाळ घेतलं आणि त्यांची मूठ पायांच्या घोट्यांभोवती मिटली. खांदा मागे गेला. मी चोळत होतो, माझं तोंड उघडं होतं, आवाज फुटत नव्हता. तो खांदा तसाच मागे थांबला. ताईंच्या कपाळावरची शीर फुगली, जणू त्या एखादा उधळलेला घोडा धरून होत्या. मग एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. हात पूर्ण उघडला आणि त्या हाताने त्यांनी फडकं उचललं.

"कोरडं केलं?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"करतेय."

"पाठ?"

"चोळतेय."

"रडलं?"

ताई पाठ चोळतच राहिल्या.

"मुखवटा."

ताईंनी बाळाला बाकावर पाठीवर ठेवलं, मान सरळ केली, मुखवटा बसवला. "एक," त्या म्हणाल्या, आणि मागून कळप आला. "दोनतीनचारपाच..." छाती हलत नव्हती. माझ्या हाताखाली उयांगाचं पोट मऊ होतं, फार मऊ. बाई सलाइनची सुई लावत होत्या. कुणाकडे तिसरा हात नव्हता.

ताई थांबल्या. मुखवटा उचलला, मान पुन्हा नीट केली, पुन्हा बसवला. डोळे मिटले.

"तोइग," त्या म्हणाल्या.

मेंढी कधीकधी आपल्याच कोकराला जवळ येऊ देत नाही. लाथ मारते, तोंड फिरवते. तेव्हा आमच्या बायका तिच्याशेजारी बसून हे म्हणतात. शब्दाला अर्थ काही नाही, सूर असतो, लांब आणि संथ. म्हणत राहायचं, कितीही वेळ. शेवटी मेंढीच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ती कोकराला पाजते. हे म्हणताना घाई करताच येत नाही. घाई केली की ते होतच नाही.

"तोइग... तोइग... तोइग..."

दर 'तोइग'ला पिशवी दाबली जात होती. सुराची शेपटी लांबत जाई तोवर सुटत होती. आणि त्या इवल्या छातीचं कातडं वर आलं. खाली गेलं. वर आलं.

बाईंचा हात एक क्षण थांबला. त्यांनी ऐकलं. मग सलाइन सुरू केलं.

वारा व्हॅनला धक्के देत होता. ताई म्हणत राहिल्या. किती वेळ ते मला विचारू नका. मला वाटलं मी म्हातारा होईन. मग मुखवट्याच्या आत कुणीतरी खोकलं. ताईंनी मुखवटा काढला. मुलीने तोंड वाकडं केलं, आम्हा सगळ्यांचा अंदाज घेतला, आणि तिला काही पसंत पडलं नाही. मांजरीसारखी सुरू झाली, मग बोकडासारखी.

ताई म्हणतच होत्या. "तोइग... तोइग..."

"आई," बाकावरून अगदी बारीक आवाज आला. उयांगाचे ओठ पांढरे होते आणि डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. "मी काय मेंढी आहे? मी टाकलंय का तिला? द्या इकडे."

"बोलतेय," बाई म्हणाल्या. "चांगलंय. बोलू दे तिला. ताई, बाळ हिच्या छातीवर ठेवा. कातड्याला कातडं. वरून पांघरूण."

"ते शिकवू नका," यांजमाताई म्हणाल्या. "गारठलेलं पोर कुठे ठेवायचं ते मला कळतं."

"हुनबिशदादा," उयांगा म्हणाली, "हळू रे. पोट फाडशील."

"मला कुणी हळू केलं नव्हतं," मी म्हटलं. पण तेवढ्यात तळव्याखाली काहीतरी गोळा होत गेलं, कडक, गोल, मुठीएवढा दगड. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी हात ठेवून चाचपलं आणि डोळे मिटले. आठवडाभरात मी त्यांना डोळे मिटताना पहिल्यांदा बघितलं. वार पूर्ण बाहेर आली होती, रक्त ओसरत होतं.

वाराही जरा दमला.

"काजळी पाहिजे," यांजमाताई अचानक म्हणाल्या. नवं बाळ घेऊन रस्त्याने जायचं तर कपाळावर काजळीचं बोट हवंच. व्हॅनमध्ये चूल नाही. मी खाली उतरलो, व्हॅनच्या धुराड्यात बोट घातलं आणि काजळी घेऊन आलो.

बाईंनी माझ्या बोटाकडे बघितलं. "हे डिझेलचं आहे."

"पेट्रोलचं," मी म्हटलं. "आमची व्हॅन खानदानी आहे."

"कपाळावर. एक ठिपका. नाळेच्या आसपास दिसलास तर हात तोडीन."

संध्याकाळी आम्ही जिल्ह्याला पोचलो. उयांगाला रक्त चढवलं, औषधं सुरू झाली. मुलीला डॉक्टरांनी उलटंपालटं करून बघितलं, कपाळावरच्या ठिपक्याबद्दल काहीतरी विचारलं आणि मग विचारायचं सोडून दिलं. रक्तदाब उतरला. सकाळी उयांगा बसून रस्सा पीत होती आणि मुलगी तिच्या अंगावर लोंबकळत दूध पीत होती, दोघी सारख्याच आवाजात.

यांजमाताई बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. रात्रभर झोपल्या नव्हत्या. बाई आल्या, हातात पेटी.

"ताई, परीक्षा राहिलीय तुमची."

ताईंना वाटलं बाई चेष्टा करतायत. मलाही वाटलं. "बाई," मी म्हटलं, "काल काय होतं मग?"

"काल मी आईकडे बघत होते," बाई म्हणाल्या. "जे मी डोळ्यांनी बघितलं नाही, त्याला पास कसं करू? पुढच्या वेळी खोऱ्यात त्या एकट्या असतील. मी नसेन, तू नसशील. मला बघायचंय."

मी चिडलो होतो. ताई चिडल्या नाहीत. त्या बाईंकडे बघत राहिल्या, आणि मला दिसलं की त्यांना हे आवडलं होतं. कुणीतरी त्यांना उगाच शाबासकी देत नव्हतं.

"पण मी मोजणार नाही," ताई म्हणाल्या.

"मोजू नका."

"एक-दोन-तीन ऐकून कोण परत येईल?"

"मी नाही म्हणाले का? छाती वर येताना दिसली पाहिजे, बास. मी घड्याळ घेऊन बसणार आहे." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आडवा हो."

"इथे? बाई, इथे खऱ्या बाळंतिणी आहेत."

"मग त्यांच्याकडून शीक."

मी व्हरांड्यात आडवा झालो. पोट बांधलं. दारांतून बायका डोकावल्या, नर्सेस थांबल्या, कुणाचे तरी नवरे खिदळले. मी कळा दिल्या. उयांगाला काल बघितल्यापासून मी ओरडणं सोडलं होतं. दात आवळून, घाम गाळून, गप्प. त्याला कुणी दाद दिली नाही. बाळ आलं.

"श्वास नाही," बाई कुजबुजल्या.

यांजमाताईंचा हात पायांकडे गेलाच नाही. पुसलं, चोळलं, ठेवलं, मान, मुखवटा. मग सूर लागला आणि व्हरांड्यातलं खिदळणं बंद झालं. लोक आपापल्या दारात उभे राहिले. कुणी उगाच नाक ओढलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या, मग रबरी छातीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. त्यांची मान सुराबरोबर बारीक हलत होती.

"आला श्वास," बाई म्हणाल्या. "पुढे?"

ताईंनी डेलची गुंडी काढली, रबरी बाळ आत, छातीशी घेतलं, कापड ओढून घेतलं आणि भिंतीला पाठ टेकवून खाली बसल्या. "ऊब," म्हणाल्या. एवढं म्हणून त्यांची मान कलली. बाई आणखी एक प्रश्न विचारणार होत्या, पण समोरून बारीक घोरण्याचा आवाज यायला लागला होता. ते मोठाले हात बाळाच्या पाठीवर तसेच, एकावर एक.

बाईंनी घड्याळ खिशात टाकलं. ताईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या, पाय लांब केले.

"पास?" मी विचारलं.

"मग काय," बाई म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलल्या की मला डोकं उचलावं लागलं. "हळू. जागी होईल ती."

"बाई, मी उठू का?"

"पड जरा. घरी कोकरं वाट बघतायत का तुझी?"

कोकरं नव्हती. मी पडून राहिलो.